हुशिकचे दोन साक्षीदार

कोशाच्या कचेरीत एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. बोलीतला शब्द कोशात घ्यायचा तर त्याला दोन साक्षीदार हवेत, आणि ते एका घरातले नकोत. नवरा-बायको चालत नाहीत, सासू-सून चालत नाहीत, भावंडं तर मुळीच नाहीत. नियम हमायाक मास्तरांचा. मास्तर जाऊन दहा वर्षं झाली होती. येरेवानच्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांची खुर्ची कोपऱ्यात तशीच होती आणि तिच्यावर आता प्रुफांचे गठ्ठे बसत, पण नियम मात्र ठणठणीत होता.

मास्तर म्हणायचे, "प्रत्येक घरात एखादा शब्द असतो, जो उंबऱ्याबाहेर कुणाला कळत नाही. कुणाची तरी जीभ अडखळली, कुणीतरी लाडात येऊन काहीतरी म्हटलं, तो चिकटला. तो त्या घराचा शब्द. भाषेचा नाही. आपण भाषेचा कोश करतोय."

त्यांचा आणखी एक हट्ट होता. शब्दाच्या चिठ्ठीवर बोलणाऱ्याचं नाव लिहायचं नाही, नुसता क्रमांक. नाव, गाव, आईचं नाव, घराणं, गावातून निघाला तेव्हा बरोबर कोण होतं, हे सगळं वेगळ्या कागदावर, आणि ते कागद लोखंडी कपाटात. शब्दाची परीक्षा शब्दावरून करा, बोलणाऱ्याचं तोंड बघून करू नका, असं त्यांचं म्हणणं. कपाट उघडायचं ते अगदी शेवटी, फर्मा छापखान्यात जायच्या आधी. ज्या शब्दांना मोजून दोनच साक्षीदार आहेत त्यांचे कागद काढायचे, समोरासमोर ठेवायचे आणि खाली सही करायची, 'साक्षीदार वेगवेगळ्या घरांतले आहेत' म्हणून.

ही सही शुशानिकची असे. शुशानिक देरोयान, वय एक्कावन्न. कोशात तिची तीस वर्षं गेली होती, आणि त्यातली एकोणतीस दुसऱ्यांनी आणलेले शब्द तपासण्यात. लोक तिला घाबरत. तिच्या लाल पेन्सिलीखालून काना सुटत नसे. पण तीस वर्षांत तिने स्वतः शोधून काढलेला असा एकच शब्द होता, हुशिक, आणि त्याच्यावर तिचा भारी जीव होता.

१९६५ साली तो तिला अराबकिर भागातल्या एका बाईकडून मिळाला, आणि तेव्हापासून वर्षातून एकदा तरी ती त्या बाईकडे जाऊन येई. बाई अनाथालयात वाढलेली, गाव त्सोराक, तिकडे सरहद्दीपलीकडे, जिथून १९१५ साली सगळं गावच हाकललं गेलं आणि जिथे आता कुणी जात नाही. हुशिक म्हणजे तोनिरच्या भट्टीतून निघणारी शेवटची लहान भाकरी. वरून तीन बोटं दाबलेली. घरातलं जे माणूस अजून परतलं नाही त्याच्यासाठी फडताळात ठेवायची. चिठ्ठीवर वाक्यात उपयोग लिहावा लागतो. बाईने वाक्य दिलं होतं, "दार लावू नकोस, हुशिक अजून कोमट आहे."

दोन वर्षांनी बोली गोळा करायला गेलेल्या विद्यार्थ्यांनी मलातिया भागातून एक गठ्ठा आणला आणि त्यात तोच शब्द निघाला. तोच अर्थ, तीच तीन बोटं, तेच वाक्य. शुशानिकने त्या दिवशी सगळ्यांना पेस्ट्री खाऊ घातली. शब्दाला दुसरा साक्षीदार मिळाला होता. मग तिने त्यावर चौदा पानांचा लेख लिहिला. लेखनाच्या नव्या पद्धतीत आपण बोलतो तसं लिहितो, पण जुन्या पद्धतीत शब्दाच्या सुरुवातीचा 'ह' दोन वेगळ्या अक्षरांनी लिहीत, आणि अक्षरावरून शब्दाचं कूळ कळे. शुशानिक म्हणाली, हा शब्द आठवणीच्या धातूवरून आला, फारसीतल्या 'होश'चा भाऊ, तेव्हा कंसात जुनं रूप या अक्षराने द्या. विभागप्रमुख गरेगिन अवाग्यान म्हणाला, कसली आठवण, शेजारच्या कुर्दांकडून सुक्या भाकरीला घेतलेला 'हिश्क', म्हणजे सुका, हाच शब्द आहे हा, तेव्हा त्या अक्षराने द्या. यावरून दोघांचं तीन वर्षं वाजत होतं. चहा एकत्र प्यायचे आणि भांडायचे.

१९७६च्या ऑक्टोबरात, एका मंगळवारी सकाळी, शुशानिकने लोखंडी कपाट उघडलं. 'ह'चा फर्मा गुरुवारी जायचा होता. दोनच साक्षीदारांचे सत्तावीस शब्द होते, हुशिक त्यातला बाविसावा. तिने दोन कागद काढून समोरासमोर ठेवले.

पहिला तिच्याच अक्षरातला. अघावनी. गाव त्सोराक. आईचं नाव युघापेर. घराणं: नालबंद. भावंडं: एक भाऊ, नाव आठवत नाही, नुसतं 'अखपार', म्हणजे दादा, म्हणत असे.

दुसरा कुणा विद्यार्थ्याच्या अक्षरातला. सेत्राक. गाव त्सोराक. आईचं नाव युघापेर. घराणं: नालबंद. भावंडं: एक बहीण, अघावनी, आणि पुढे कंसात, 'मेली'.

खरं सांगायचं तर शुशानिकच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की शब्द गेला. भावंडं चालत नाहीत. चौदा पानं गेली. मग दुसरी गोष्ट मनात आली आणि तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली की तिने दोन्ही हात टेबलाखाली घेतले. हे दोघं जिवंत होते. एकाच शहरात होते. आणि त्यांचे कागद नऊ वर्षं या कपाटात एका फळीवर पडून होते. दोन माणसं तेच वाक्य बोलतात म्हणजे शब्द खरा, एवढंच तिला तेव्हा सुचलं होतं. दोन माणसं एकाच भट्टीजवळ बसलेली असतील, हे सुचलं नव्हतं. ही चूक कुठल्याही न्हाव्याने, कुठल्याही भाजीवालीने केली नसती. ती करायला कोशवालंच माणूस लागतं.

कागद घेऊन ती गरेगिनच्या खोलीत गेली.

"कुणी गेलं का?" तिचा चेहरा पाहून तो म्हणाला.

"उलट झालंय. वाच."

त्याने चष्मा लावला, वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "युघापेर," तो म्हणाला. "हे नाव मी जन्मात एकदाच पाहिलंय, तेही थडग्याच्या दगडावर. योगायोग नाही म्हणतेस?"

"नालबंद, त्सोराक, अघावनी. किती योगायोग?"

"हं. म्हणजे तुझा शब्द गेला."

"गेलाच."

"थांब जरा, एवढी उतावीळ होऊ नकोस." त्याने खुर्ची पुढे ओढली. शब्दावरून तिच्याशी भांडणारा हाच माणूस आता शब्दाची बाजू घेऊन बसला. "मास्तरांचा नियम कशासाठी? एकाचं ऐकून दुसऱ्याने बोलू नये म्हणून. हे दोघं एकसष्ट वर्षांत भेटलेले नाहीत. यांच्याहून वेगळे साक्षीदार तू कुठून पैदा करणार? खुशाल सही कर. आणि हे बघ, आज मंगळवार. गुरुवारी फर्मा जातो. हुशिक काढला तर पुढची सगळी पानं सरकतात, खिळे उपसावे लागतात, छापखान्यातले लोक माझा उद्धार करतात. शुक्रवारी सांग त्यांना. एकसष्ट वर्षं गेली, तीन दिवसांनी काय बिघडतंय?"

गरेगिन वाईट माणूस नव्हता. शुशानिकला राग आला तो याचा, की जिना चढताना हेच सगळं तिच्याही मनात येऊन गेलं होतं, याच क्रमाने.

"सही कुणाची?" तिने विचारलं.

"तुझी."

"मग मला आधी विचारायला हवं, की घराबाहेर गावात कुणी हा शब्द बोलायचं का. बोलायचं असेल तर तुझं म्हणणं मान्य, दोघांना दोन धरू. पण विचारायला गेले की सांगावं लागेल. हे पोटात ठेवून मी त्या सेत्राकसमोर बसायचं आणि विचारायचं की काका, भाकरीला काय म्हणायचात?"

"आधी सही कर, मग जा."

"गरेगिन, नऊ वर्षं आपण त्यांना एकावर एक रचून ठेवलंय."

तिने पर्स उचलली.

सेत्राकचं शिंप्याचं दुकान मलातियात, ट्रॉलीबसच्या शेवटच्या थांब्याजवळ होतं. अलेप्पोहून ४७ साली आलेल्यांपैकी तो एक. खिडकीत कॉफीचं पितळी दांड्याचं भांडं, भिंतीला टांगलेले अर्धवट कोट, आणि मधे बाकावर मांडी घालून बसलेला एक बारीक म्हातारा, तोंडात दोन टाचण्या.

"कोट की झगा?" टाचण्यांसकट त्याने विचारलं.

"दोन्ही नाही. मी कोशाच्या कचेरीतून आले."

"हां, शब्दवाले." त्याने टाचण्या काढल्या. "तुमची दोन पोरं आली होती मागे. तीन तास बसली, माझी सगळी कॉफी संपवली आणि विचारतात, गाढवाच्या खोगिराला काय म्हणत? म्हटलं, आमच्याकडे गाढव होतं, खोगीर नव्हतं. तेही लिहून घेतलं त्यांनी."

"तुम्ही तेव्हा एक शब्द सांगितला होता. हुशिक."

"छापलात?"

"छापायचाय. काका, मला एवढंच सांगा. तुमच्या गावात हा शब्द अजून कोण बोलायचं?"

"कोण बोलणार?" सेत्राक हसला. "शेजारणी आईची टिंगल करायच्या. ती वरच्या डोंगरातून लग्न होऊन आलेली, आणि तिचं सगळंच स्वतःचं. कोंबडीला तिचा वेगळा शब्द, गारांना वेगळा. बाप म्हणायचा, युघापेर, तुझ्यासाठी दुभाषा ठेवायला हवा. तो नाल मारायला गावोगाव फिरायचा. तो बाहेर असला की ती शेवटची भाकरी. दुसरीकडे मी ती ना पाहिली ना ऐकली."

संपलं. ना कुर्दांचा, ना होशचा भाऊ. एका बाईच्या तोंडचा शब्द होता तो, तिथेच जन्मला आणि उंबऱ्याच्या आतच राहिला. शुशानिकला वाटलं होतं की हे ऐकताना काहीतरी तुटेल. पण तिचं लक्ष म्हाताऱ्याच्या हातांकडे होतं, पुढचं कसं सांगायचं याकडे होतं.

"तुमच्या कागदावर बहिणीचं नाव आहे," ती म्हणाली.

सेत्राकने कोटाची बाही उचलली आणि टाके घालायला सुरुवात केली. "त्याच्या पुढे कंसात काय आहे, तेही असेल."

"आहे. तुम्ही तिला पाहिलंत का, तसं?"

सुई आत-बाहेर होत राहिली.

"आई आदल्या दिवशी गेली होती," तो म्हणाला. "अघुनला, माझ्या बहिणीला, चालवेना. पाच वर्षांची होती. एका भिंतीशी तिला बसवली, म्हटलं हलू नकोस, पाणी आणतो. ओढा जवळच होता. भांडं नव्हतं, टोपीत भरलं. आलो तर भिंत होती, ती नव्हती. शिपायांनी सगळी रांगच पुढे हाकलली होती. मी आठ वर्षांचा. टोपीतलं पाणी कधी गळून गेलं कळलंच नाही. इतकी लहान पोर, पाण्याशिवाय. मेलीच असणार. हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. तुम्हाला कशाला सांगतोय कोण जाणे."

"ती अराबकिरला राहते," शुशानिक म्हणाली. "मुलाजवळ. डोळ्यांना कमी दिसतं, बाकी बरी आहे."

त्याचा हात थांबला नाही. त्याने आणखी तीन टाके घातले, तिन्ही अस्तराऐवजी वरच्या कापडावर. मग ते पाहिले, कात्रीच्या टोकाने एकेक उसवले, सुई उशीत खोचली.

"कोण म्हणतं?"

"कागद म्हणतात. दोन्ही कागदांवर आई एक, घर एक, गाव एक."

"कागदांना काय कळतं? माझ्या तीन कागदांवर तीन जन्मसालं आहेत." मग त्याने मान वर केली. "तुम्हाला हे कधी कळलं?"

या प्रश्नाचीच तिला धास्ती होती. "मला आज सकाळी. पण कागद नऊ वर्षं आमच्याकडेच होते, एकाच कपाटात. मी शब्द वाचला. कागद वाचले नाहीत. चूक माझी आहे."

"नऊ वर्षं."

"हो."

"तीन वर्षांमागे मी अराबकिरला एका मुलाच्या बाप्तिस्म्याला जाऊन आलो." तो हे तिला उद्देशून बोललाच नाही. तिने क्षमा मागितली तसा तो उठला. "ते मागाहून बघू. आधी माझा कोट शोधा." कोट सापडला, पण कोपरांवर विरलेला होता. शिंप्याच्या अंगावरच धड कपडा नसतो. त्याने टांगलेल्यांपैकी एक गिऱ्हाइकाचा नवा कोट अंगात घातला, खांदे सैल पडले, आणि दुकानाला कुलूप लावलं.

ट्रॉलीबसमध्ये तिने त्याला शब्दाचंही सांगून टाकलं, की हुशिक आता कोशात येणार नाही, आणि का. तो खिडकीबाहेर बघत होता. दोन थांबे गेल्यावर म्हणाला, "म्हणजे आम्ही एका घरातले आहोत असं तुमची कचेरी लेखी म्हणणार?"

"तसंच झालं."

"हं," तो म्हणाला आणि परत खिडकीकडे वळला.

अघावनी गच्चीत लाल मिरच्यांच्या माळांखाली बसून मसूर निवडत होती, डोळ्यांनी कमी, बोटांनी जास्त. शुशानिकचा आवाज तिने लगेच ओळखला. "शुशानिक जान, परत शब्द हवेत का गं? माझ्याकडचे संपले. सुनेला विचार, ती रोज नवे शिकवते मला, सगळे शिव्यांचे." मग तिने कान टवकारले. "बरोबर कोण आहे?"

शुशानिकने रस्ताभर वाक्यं जुळवली होती. तीस वर्षं शब्दांत काढलेल्या बाईला त्यातलं एकही आठवेना. सेत्राक दाराच्या चौकटीतच उभा होता, आत येत नव्हता. त्याने घसा खाकरला.

"दार लावू नकोस," तो म्हणाला, "हुशिक अजून कोमट आहे."

शुशानिकने हे वाक्य दोन चिठ्ठ्यांवर, लेखात, तीन प्रुफांवर वाचलं होतं. तोंडाने उच्चारलेलं इतक्या वर्षांनी आज ऐकलं. ते अर्धवट गाण्यासारखं होतं, शेवटी वर चढणारं. अघावनीचा हात मसुरात तसाच राहिला.

"ती भिंत कसली होती?" तिने विचारलं. आवाज अगदी साधा, बाजारात भाव विचारावा तसा.

"मातीची. वर काटे खोवलेले."

"ऊन होतं. पाठ भाजत होती माझी."

"मी तुला सांगितलं होतं हलू नकोस."

"मी नाही हलले. एका बाईने उचललं. मी तिच्या खांद्यावरून हाका मारत होते, अखपार, अखपार. पण तिथे सगळेच कुणाचे तरी अखपार होते, कोण बघणार?" ती थांबली. "पाणी मिळालं होतं का रे तुला?"

"मिळालं होतं. टोपीत आणलं होतं."

"मला वाटलं तू बुडालास."

सेत्राक तिच्या शेजारून, न विचारता, आत स्वयंपाकघरात गेला. नळाचा आवाज आला. परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत काठोकाठ भरलेला पेला होता आणि तो पावलं मोजत चालत होता. त्याने पेला तिच्या ओंजळीत दिला. तिने तो तोंडाला लावला आणि मधे श्वास न घेता सगळा प्यायला.

शुशानिक कठड्याकडे वळली आणि रडली. कपाटापाशी यायला हवं होतं ते रडू तिला इथे आलं.

मागे दोघांचं सुरू झालं होतं. "तुझं नाव काय रे?" अघावनी विचारत होती. "मला तेवढं कधी आठवलंच नाही."

"सेत्राक. पण तू नको बदलूस. तीस वर्षं हे शहर आम्हा बाहेरून आलेल्यांना अखपार म्हणून हिणवतंय. एकीला तरी तसं म्हणायचा हक्क आहे."

"हा कोट कुणाचा घातलायस? खांदे केवढे."

"गप्प बस. तुला दिसत नाही म्हणे ना?"

बुधवारी शुशानिकने नामंजुरीचा कागद भरला. शब्द: हुशिक. पहिला साक्षीदार क्रमांक ४१२, दुसरा ९०७. निर्णय, कारण, सही. गरेगिनने वाचून खाली आपली सही केली आणि छापखान्याला फोन लावला. पलीकडून जे ऐकावं लागलं ते त्याने ऐकून घेतलं. दुपारी चहाच्या वेळी दोघं समोरासमोर बसले आणि भांडायला काही उरलं नव्हतं, तेव्हा हवेवर बोलले. तिला शब्दाचं वाईट वाटत होतं. वाटत नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल. पण ते दुःख आता आपल्या मापाचं झालं होतं.

गुरुवारी सकाळी फर्मा गेला, आणि तासाभराने तिसऱ्या मजल्यावर दोन माणसं चढून आली. सेत्राक त्याच कोटात होता, अघावनीने त्याचं कोपर धरलं होतं. जिने चढून दोघांना धाप लागली होती. मास्तरांच्या खुर्चीवरची प्रुफं उचलून शुशानिकने अघावनीला तिथे बसवलं. त्या खुर्चीत दहा वर्षांत कुणी बसलं नव्हतं.

"तो कागद द्या," सेत्राक म्हणाला.

"कोणता?"

"ज्यावर तुम्ही आम्हाला नापास केलंय तो. काल आम्ही नोंदणीच्या कचेरीत गेलो. म्हटलं, आम्ही भाऊ-बहीण आहोत, लिहून घ्या. तिथली बाई म्हणते, पुरावा? म्हटलं, हे काय उभे आहोत दोन पुरावे. म्हणते, कागद. माझ्या कागदावर आई 'अज्ञात', हिच्या कागदावर आई 'अज्ञात'. हिचं आडनाव अनाथालयाने दिलेलं, माझं दुसऱ्या अनाथालयाने. साऱ्या दुनियेत एकाच कागदावर आम्ही एकत्र आहोत. तो तुमच्याकडे आहे."

शुशानिकने गरेगिनकडे पाहिलं. नामंजुरीचे कागद बाहेर द्यायची पद्धत नव्हती. ते दप्तरात जात आणि दप्तरातून काही परत येत नसे.

"तो देता येत नाही," गरेगिन म्हणाला.

सेत्राकने मान हलवली, जणू याचीच त्याला सवय होती.

"दुसरा लिहून देतो," गरेगिन म्हणाला. त्याने खणातून कोरा नमुना काढला, दौत पुढे ओढली आणि स्वतःच्या हाताने लिहायला बसला. क्रमांकांच्या जागी नावं घातली. आईचं नाव लिहायला आला तेव्हा सेत्राक टेबलावर वाकला.

"ते जुन्या पद्धतीने लिहा. तुमच्या नव्याने नको."

"का? त्या तसं लिहायच्या?"

"तिला कुठलंच लिहिता येत नव्हतं. पण मला अलेप्पोत मास्तरणीने शिकवलं ते तसं. आईचं नाव मी पहिल्यांदा लिहिलं ते तसं."

गरेगिनने पंचवीस वर्षं दुसऱ्यांची जुनी वळणं खोडून नवी केली होती. सरकारी कागदावर जुनं रूप त्याने जन्मात कधी लिहिलं नव्हतं. त्याने क्षणभर टाक हवेत धरला आणि मग त्या एका नावापुरती जुनी अक्षरं काढली, सावकाश, शाळेतल्या मुलासारखी. शुशानिकने कागदावर झुकून तपासलं. बरोबर होतं. तिने सही केली. गरेगिनने गोल शिक्का फुंकून उमटवला, थोडा तिरका आला.

सेत्राकने कागद उजेडात धरला, आधी मनात वाचला. ओठ हलत होते.

"मोठ्याने," खुर्चीतून अघावनी म्हणाली. "मला दिसत नाही."

"हुशिक," त्याने वाचलं. "निर्णय: नाकारला."

"त्याचं काय. पुढे वाच."

"कारण: साक्षीदार सेत्राक आणि साक्षीदार अघावनी, आई युघापेर, घराणं नालबंद, हे दोघे एकाच घरातले आहेत."

अघावनीने हात पुढे केला. त्याने कागद तिच्या हातात दिला. तिने बोटाने शिक्का शोधला, शाई अजून ओली होती, बोटाला लागली.

"परत वाच," ती म्हणाली.